योकोहामाहून काय आणू?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. प्रश्न पोरकट वाटेल, तरी लिहितो. मी गोव्यातल्या पेडण्याचा, वय ३१. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर असतो. माझा दादा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लहानपणी आमच्या मामाने, तोही तारवटीच, अमेरिकेहून जुना निन्टेंडो ६४, टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन, आणला होता. सोबत एकच कार्ट्रिज, झेल्डा या गेममालिकेतलं, 'ओकारिना ऑफ टाइम'. ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचो. आमच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं यायचं. सहा महिन्यांनी नवा टीव्ही आला तेव्हा कळलं की त्यातल्या वीराचा, लिंकचा, अंगरखा हिरवा असतो. मी आणि दादाने मिळून तो गेम संपवला. तेव्हापासून कोणीही विचारलं की माझा आवडता झेल्डा म्हणून मी ओकारिनाच सांगत आलोय.

पुढे दादा जहाजावर लागला आणि दुसऱ्या खेपेला अमेरिकेहून गेमक्यूब, निन्टेंडोचं पुढचं मशीन, घेऊन आला, त्यात झेल्डाचाच दुसरा भाग, 'विंड वेकर'. तो परत गेल्यावर पावसाळाभर मी एकटाच खेळलो. बेटं, बोलणारी होडी, वाऱ्याची दिशा बदलायची काठी. त्यातल्या आजीला बरं केलं की ती सूप देते. त्या दिवशी मी आमच्या आजीकडे भरदुपारी पेज मागितली, तिला काही कळेना. समुद्राखाली एक किल्ला आहे, तिथे सगळं काळं-पांढरं थिजलेलं असतं आणि तलवार उपसली की रंग परत येतात. घरात कोणी नव्हतं, तरी मी मोठ्याने 'दादा, पळय' (बघ) म्हणालो. शेवटी ट्रायफोर्स नावाच्या जादूच्या त्रिकोणाचे तुकडे गोळा करायचे होते. तीन राहिले असताना मशीन तबकडी वाचेना. लेन्सवर बुरशी. तो गेम आजवर संपलेला नाही.

आता निन्टेंडोचं स्विच आहे. त्यावरचा झेल्डा, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', ३०० तासांच्या वर झालाय, बहुतेक ड्यूटीवरच, पहाटे तीन ते पाच. तासांवर गेलं तर आवडता तोच म्हणायला हवा. म्हापशाचा एक मित्र म्हणतो, विंड वेकर म्हणजे पोरांचं कार्टून, मोठ्या माणसाने 'माजोराज मास्क' सांगावं.

गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. जहाज योकोहामाला लागणार, तो गणेश चवथीला घरी येणार. 'तुझ्या आवडत्या झेल्डाचं काहीतरी आणतो. ओकारिनाच ना?' चार दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?"

भावा, तू ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस. आणि हसले वगैरे नाही. या सदरात मुंडकाराच्या घरापासून सासूच्या टोमण्यांपर्यंत सगळं येऊन गेलं. झेल्डा पहिल्यांदाच आला आणि नेमका माझ्या हातात पडला, हे तुझं नशीब. मी स्वतः हा रोग वीसेक वर्षं बाळगून आहे.

तुझं पत्र मी शाळेचे पेपर तपासते तसं तपासलं. मास्तरीण आहे, सवय जात नाही. लाल पेन घेतलं आणि गेमच्या आतलं काही सांगितलंयस तिथे तिथे खाली रेघ ओढत गेले. ओकारिनाच्या परिच्छेदात मामा आहे, ट्रान्सफॉर्मर आहे, टीव्ही आहे. रेघ एकच पडली, अंगरख्याखाली. ब्रेथ ऑफ द वाइल्डला तर रेघ ओढायला काही सापडलंच नाही, एक आकडा आणि घड्याळातली वेळ. विंड वेकरचा परिच्छेद मात्र लाल होऊन गेला. बेटं, होडी, काठी, सूप, किल्ला, तलवार, तुकडे. वर ती पेज. पडद्यावरच्या म्हातारीने सूप दिलं म्हणून घरच्या म्हातारीला भरदुपारी पेज करायला लावणारा मुलगा मला विचारतोय की त्याचा आवडता भाग कोणता.

विंड वेकर. हे तुलाही ठाऊक आहे. प्रश्न तो नाहीच. दादा काय म्हणेल, मित्र काय म्हणेल आणि न संपवलेल्या गेमला आवडता म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, असे तीन काटे तुझ्या पायात आहेत. काढूया.

आधी दादा. तू लिहितोस, 'मी आणि दादाने मिळून तो गेम संपवला.' अरे, ओकारिना एकट्याने खेळायचा गेम. दुसऱ्या कंट्रोलरला त्यात काही काम नाही. थोरल्या भावाच्या घरात एकुलता एक कंट्रोलर कोणाच्या हातात असतो हे मला सांगायची गरज नाही, मीही शेंडेफळ आहे. आपण बाजूला बसायचं, 'थांब, तिथे दार आहे' म्हणायचं, आणि त्याने 'गप रे' म्हटलं की गप्प बसायचं. याला मी कमी लेखत नाही. ओकारिनातलं ते पाण्याचं देऊळ, वॉटर टेंपल, आठव. पाण्याच्या तीन पातळ्या. लोखंडी बूट घालायचे, बुडायचं, दार उघडायचं, मग पुन्हा मेनू उघडून बूट काढायचे. आपल्याकडे खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतांच्या) मानशीवर भरती-ओहोटीप्रमाणे दारं उघडतात-मिटतात ना, तसा सगळा कारभार, फक्त भरती आपणच आणायची. कुठल्या मजल्यावर कुठली पातळी असताना काय राहिलं होतं, हे लक्षात ठेवायचं काम खेळणाऱ्याचं नसतं, शेजारी बसलेल्याचं असतं. ते बूट घालण्या-काढण्याचं त्रांगडं निन्टेंडोने २०११ सालच्या, थ्रीडीएस या हातात धरायच्या मशीनवरच्या, आवृत्तीत सोपं करून टाकलं. म्हणजे तुम्हा दोघांनी भोगलं ते उगाच नव्हे.

तर ओकारिना तू पाहिलास, दादाने खेळला. तुझा तो आवडता पाहिलेला खेळ आहे.

आता लोक म्हणतील, अहो, ओकारिना म्हणजे ओकारिना. म्हणू देत, त्यांचं खरंच आहे. २१ नोव्हेंबर १९९८ ला तो जपानात आला, आणि फामित्सू या तिथल्या मासिकाने त्याला ४० पैकी ४० गुण दिले. त्याआधी त्या मासिकाने कुठल्याच गेमला पैकीच्या पैकी दिलेले नव्हते. त्रिमितीतल्या लढाईत शत्रूवर नजर खिळवून ठेवायची, एक बटण दाबलं की कॅमेरा आणि लिंक दोघेही त्याच्याकडेच तोंड करून राहतात, ही युक्ती त्याने अशी बसवून दिली की पुढे सगळ्यांनी उचलली. थोर आहे तो. पण गावच्या देवळातल्या उत्सवाचं नाटक घे. दरवर्षी होतं, कुठल्या साली सगळ्यात रंगलं याबद्दल पारावर एकमत असतं. आणि तुला मात्र आठवतं ते वर्ष, ज्या वर्षी पडद्याची दोरी तुझ्या हातात होती आणि दुसऱ्या अंकाला ती अडकली.

माझीही कबुली देऊन टाकते. कित्येक वर्षं मीदेखील ओकारिनाच सांगत होते, कारण ते सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही. मग २०१९ मध्ये 'लिंक्स अवेकनिंग' नव्या रूपात स्विचवर आला. मूळचा १९९३ सालचा, गेम बॉयच्या तळहाताएवढ्या पडद्यासाठी केलेला. त्यात राजकन्या झेल्डा नाही, ट्रायफोर्स नाही, हायरूल हे नेहमीचं राज्यही नाही. एक बेट, डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड अंडं आणि गाणं म्हणणारी मारिन नावाची मुलगी. बेटावरच्या दुकानात धनुष्य ९८० रुपी. (हो, झेल्डातल्या नाण्याचं नाव रुपीच. आमच्या घरी यावरून जितके विनोद व्हायचे तितके होऊन गेलेत.) दुकानदाराची पाठ फिरली की वस्तू उचलून दाराबाहेर पळता येतं. वर्गात मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्या बाईने ते धनुष्य चोरलं. त्यानंतर बेटावरचं प्रत्येक माणूस मला नावाऐवजी 'चोर' म्हणून हाक मारू लागलं, शेवटपर्यंत. पुन्हा त्या दुकानात पाय ठेवला तर दुकानदाराने जागीच जाळलं. चाळिशीतल्या बाईला एका गेमने असं लाजवावं! तेव्हापासून माझं उत्तर बदललं. आजवर कोणी मला वाळीत टाकलेलं नाही.

तासांचा हिशेब मात्र तू सोडून दे. बसमध्ये माझे तुझ्या तीनशेहून कितीतरी जास्त तास गेलेत. ब्रेथ ऑफ द वाइल्ड गेम म्हणून अफाट आहे, त्यात वाद नाही. २०१७ साली तो आला तेव्हा मालिकेची बसलेली घडीच त्याने मोडली. पहिल्या पठारावरून खाली उतरलास की हवं तर थेट किल्ल्यात जाऊन गॅनन या खलनायकाशी भिड, कोणी अडवत नाही. तो गेम करणाऱ्या मंडळींनी १९८६ सालच्या पहिल्या झेल्डाकडे परत जाऊन, त्याच्यासारखाच दिसणारा सपाट द्विमितीतला नमुना आधी करून पाहिला होता, झाड पेटलं तर काय होतं, ओंडका पाण्यात पडला तर काय होतं, हे तपासायला. आणि पहिल्या झेल्डाच्या मुळाशी तर तो घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोचं लहानपण, क्योतोजवळच्या सोनोबे गावात डोंगर-ओहोळ धुंडाळत हिंडलेलं, कंदील घेऊन गुहेत शिरलेलं. असं हिंडणं पहाटे तीन वाजता, चेक-इन नसताना, रिसेप्शनच्या खुर्चीत मिळावं यासारखं सुख नाही. कड्यावर अर्ध्यात असताना पाऊस येतो आणि लिंक घसरतो, तेव्हा तुला जून महिन्यातला आपला घाट आठवत असेल. पण शोधून काढायची १२० श्राइन आणि ९०० कोरोक बिया अशा ठिकाणी तास आपोआप जातात. त्या नऊशेच्या नऊशे गोळा केल्यास तर बक्षीस काय मिळतं ठाऊक आहे ना? सोन्याची विष्ठा. खोटं नाही सांगत, तशीच दिसते ती. करणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय, बाबा, सगळं गोळा करत बसू नकोस. तो तुझा रात्रपाळीचा सोबती आहे आणि सोबती म्हणून चांगला आहे. तेवढं त्याला पुरे.

म्हापशाच्या मित्राला उत्तर द्यायचं असेल तर इतिहास तुझ्या बाजूने आहे. २००० साली निन्टेंडोने नव्या गेमक्यूबची ताकद दाखवायला एका प्रदर्शनात छोटीशी चित्रफीत दाखवली होती. त्यात लिंक आणि गॅनन अगदी खऱ्या माणसांसारखे दिसत, तलवारी खणखणत होत्या. लोकांनी तोच पुढचा झेल्डा असं धरलं. वर्षभराने खरा गेम दाखवला तर हा बटाट्याच्या डोक्याचा, डोळे मोठाले करणारा लिंक. लोक असे भडकले की विचारू नकोस, तुझा मित्र वापरतो तोच शब्द तेव्हाही वापरला गेला. डिसेंबर २००२ मध्ये गेम जपानात आला. आता तेव्हाचे खऱ्यासारखे दिसणारे गेम काढून बघ, चेहरे मेणाचे वाटतात. विंड वेकर अजून ताजा आहे, कारण त्याने खऱ्यासारखं दिसायचा प्रयत्नच केला नव्हता.

आणि माजोराज मास्क मलाही फार आवडतो. तीन दिवसांत चंद्र गावावर पडणार, तिन्ही दिवस मिळून खऱ्या घड्याळाची चोपन्न मिनिटं, आणि गाव मात्र कार्निव्हलची तयारी करतंय. आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण तो तुझ्या मित्राचा. त्याच्या भावाने योकोहामाहून आणावा.

आता मुख्य मुद्दा. तो मला तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना सुचला.

तू कुर्डीला गेलायस का? सांगे तालुक्यात, साळावली धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. ऐंशीच्या दशकात धरण झालं, माणसं दुसरीकडे वसवली आणि गाव पाण्याखाली गेलं. पण दर उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. चिखलाला भेगा, झाडांचे वठलेले बुंधे, घरांची जोती, आणि सोमेश्वराचं देऊळ. तेवढ्या दिवसांत जुनी माणसं येतात, देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाचं फेस्त करतात, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा खाली. मी गेले होते तेव्हा एक आजोबा नातवाला घेऊन एका जोत्यावर उभे होते. पायाने चिखल बाजूला सारून म्हणाले, "हांगा आमची तुळस आशिल्ली." नातवाला तिथे चिखलच दिसत होता. त्याने त्या जागेचा फोटो काढला. आजोबा मात्र तुळशीभोवती फिरावं तसं त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेले. मधून गेले नाहीत.

मला तिथे उभं राहून विंड वेकर आठवला. आठवणारच. त्यातला अथांग समुद्र, सात गुणिले सात चौकटींचा नकाशा, त्यावर ठिपक्यांसारखी बेटं. आणि ती बेटं म्हणजे बुडालेल्या हायरूलच्या डोंगरांची टोकं. खाली सगळं राज्य तसंच उभं आहे.

आता ते बुडालं का, हे आठव. गेमच्या सुरुवातीलाच चित्रांच्या पट्टीत सांगितलंय. पूर्वी काळाचा वीर आला होता, त्याने राज्य वाचवलं. मग दुष्ट परत आला, लोक वीराची वाट बघत राहिले, तो आलाच नाही. शेवटी देवांनी सगळं पाण्याखाली घातलं, हे मात्र गेममध्ये पुढे कळतं. हा न आलेला वीर कोण? ओकारिनातला लिंक. ओकारिनाच्या शेवटी झेल्डा त्याला त्याच्या बालपणात परत पाठवते, लढाईत गेलेली वर्षं त्याला मिळावीत म्हणून. त्याचं भलं झालं. पण ज्या जगातून तो गेला तिथे वीर उरला नाही. २०११ च्या डिसेंबरात निन्टेंडोने मालिकेचा अधिकृत कालक्रम छापला, त्यात हे स्पष्टच आहे: ओकारिनापाशी काळाला तीन फाटे फुटतात आणि त्यांतल्या एकावर, वीर जिंकून निघून गेला त्या फाट्यावर, विंड वेकर आहे.

कळतंय का, मी कुठे येतेय? दादाने त्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर जो शेवट केला, त्याच शेवटातून तुझा समुद्र निघाला. तू होडी हाकत होतास ती दादाच्या हायरूलवरून. पाण्याखालच्या किल्ल्यात शिरल्यावर दालनात जो मोठा पुतळा आहे, तो दादाच्या लिंकचा. तलवारीच्या खोलीत रंगीत काचांवर माणसं काढलेली आहेत, ती तू दादाच्या शेजारी बसून पाहिलेली. आणि ते सगळं तुझ्यासमोर आलं कसं? काळं-पांढरं. नव्या टीव्हीच्या आधी होतं तसं. मग तलवार तू उपसलीस, कंट्रोलर तुझ्या हातात होता, आणि रंग परत आले. 'दादा, पळय' तू उगीच नाही म्हणालास. बारा-तेरा वर्षांच्या पोराला यातलं काही सांगता आलं नसतं, पण तोंडातून नाव बरोबर निघालं.

म्हणून दादाला वाईट वाटेल ही भीती मला पटत नाही. विंड वेकर निवडलास म्हणून ओकारिना टाकून दिलास असं होत नाही, तो खालीच आहे. आणि मला विचारशील तर, 'ओकारिनाच ना?' असं त्याने विचारलंय त्यात त्यालाही शंका आहे. ज्याला खात्री असते तो विचारत नाही, पार्सल बांधून घेतो.

मेसेज लांबलचक लिहू नकोस. तारवटी माणूस, बंदराचं नेटवर्क. 'दादा, ओकारिना तुझा. माझा विंड वेकर, तूच आणलेला. तो अजून संपलेला नाही.' एवढं पुरे. खाली जपानी नाव लिही, कारण तिथल्या दुकानात इंग्रजी नाव सांगून उपयोग होईलच असं नाही. जपानात या भागाचं नाव 'काझे नो ताकुतो', म्हणजे वाऱ्याची छडी, संगीत-संचालकाच्या हातात असते तशी. जपानी लिपीत त्याला पाठव, तो फोन दाखवेल.

पण त्याला गेमची तबकडी आणू देऊ नकोस. जपानी तबकडी तुझ्या अमेरिकन मशीनवर चालणार नाही आणि चालली असती तरी सगळं जपानीत. संगीताची सीडी, एखादं पोस्टर, छोटी लाल होडी, असलं काही सांग.

राहिला तिसरा काटा, न संपलेला गेम. आवडता म्हणायला संपवलेलाच असावा असा नियम कोणी केलेला नाही. तरी मास्तरीण म्हणून अर्धा पेपर सोडलेला मला बघवत नाही. तेव्हा एक विचारते: गेमक्यूबचं मेमरी कार्ड कुठे आहे? दादाच्या कार्ट्रिजमध्ये सेल होता, तो संपला की साठवलेला खेळ जातो. गेमक्यूबच्या कार्डात सेल नसतो. बुरशी मशीनच्या लेन्सवर चढली, कार्डावर नाही. आठांपैकी तुझे पाच तुकडे अजून त्यात असण्याची बरीच शक्यता आहे, टीव्हीखालच्या कुठल्यातरी खणात, मृत रिमोटांच्या शेजारी.

लेन्स साफ करून देणारा कोणी सापडला तर उत्तम. नाहीतर निन्टेंडोचं त्यानंतरचं मशीन, पहिला वी, गेमक्यूबच्या तबकड्या घेतो. त्याच्या वरच्या झाकणाखाली मेमरी कार्डाच्या खाचाही असतात. मात्र जुन्या घडणीचाच बघ, नंतर निघालेल्या स्वस्त वीतून या खाचा काढून टाकल्या. आणि तुझी तबकडी अमेरिकन असल्यामुळे वीही अमेरिकनच लागेल, म्हणजे ते काम योकोहामाचं नाही. दादाचं जहाज पुढे कधी त्या बाजूच्या बंदराला लागलं तर सांगून ठेव. तुझ्या स्विचवर विंड वेकर मिळत नाही. स्विच २ वर निन्टेंडोची वरच्या दर्जाची वर्गणी भरली तर मिळतो, पण तिथे पहिल्यापासून सुरुवात. वीनंतरच्या वी यू या मशीनवर २०१३ ला जी चकचकीत आवृत्ती आली, तिच्यात तुकड्यांचे नकाशे आठावरून तीनवर आणले होते आणि वेगवान शीडही दिलं होतं. म्हणजे तुला ज्या ठिकाणी कंटाळा आला असेल तिथे करणाऱ्यांनाही तो आला असावा. जुन्या आवृत्तीत मात्र प्रत्येक नकाशा वाचून घ्यायला टिंगल नावाच्या त्या माणसाला ३९८ रुपी मोजावे लागतात, हे ध्यानात ठेवून गवत कापायला लाग.

शेवट मी सांगत नाही. समुद्राखालच्या त्या राज्याचं काय करायचं हे तिथे ठरतं, आणि कुर्डीच्या त्या आजोबांना तो शेवट कसा वाटला असता याचा मी अधूनमधून विचार करते, एवढंच सांगते.

मशीन चवथीपर्यंत चालू झालं तर दादाला चटईवर बसव. त्याने हात पुढे केला तरी कंट्रोलर देऊ नकोस. त्याला बाजूला बसून 'थांब, तिथे दार आहे' म्हणू दे. आणि गणपतीवरची माटोळी (फळाफुलांचं छत) बांधायला स्टुलावर चढशीलच, तेव्हा माळ्यावर हात घालून मामाचा तो ट्रान्सफॉर्मर आहे का बघ. अमेरिकन मशीनला तो लागेल.